तळ्याकाठचा राखणदार

देव्हाऱ्यातला दगड आजही खालून ओला होता. त्याच्याखालच्या लाल कापडावर रुपयाएवढा ओलसर डाग उमटला होता. शेजारच्या पितळी अन्नपूर्णेवर मात्र थेंबही नव्हता.

संपदाला हे पटत नव्हतं. आखातात, अजमानजवळच्या हमरिया फ्री झोनमधल्या प्रयोगशाळेत ती बांधकामाची खडी तपासायची; कुठला दगड किती पाणी पितो, हे पाहण्यातच तिचा दिवस जाई. ग्रॅनाइट जेमतेम ओठ ओले करतो. आणि एसीमुळे दव धरलं असतं, तर ते पितळेवरही धरलं असतं.

दगड विघ्नेशने आणला होता. त्याची कंपनी त्याची बदली स्कॉटलंडमध्ये, ॲबर्डीनला करणार होती. ऑफिस पाहायला गेला तेव्हा त्याने शहराच्या कडेचं एक उपनगरही पाहिलं, आणि तिथल्या तळ्याकाठचा हा करडा, अभ्रकाने चमचमणारा तुकडा बायकोसाठी खिशात घातला. तिने तो भिंगाखाली धरायच्या आत सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहून देव्हाऱ्यात बसवलं होतं.

मनोरमाबाई मूळच्या मालवणकडच्या. प्रत्येक जागेला राखणदार असतो आणि नव्या जागी पाऊल टाकण्याआधी त्याला कौल लावायचा असतो, यात त्यांना कधी शंका वाटली नव्हती. रोज तिन्हीसांजेला त्या दगडाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवत, गाऱ्हाणं घालत आणि वाट बघत. उजवी आधी पडली तर होकार.

उजवीच पडायची. एसीचा झोत त्या बाजूला लागत असणार, म्हणून संपदाने दगड फिरवून ठेवला. मग एसीच बंद केला. तरी उजवीच.

सगळं अडलं होतं ते संपदापाशी. सासूबाईंना बदलीच्या व्हिसावर नेता येत नव्हतं. विघ्नेश एकुलता एक, गावचं घर बंद. अजमानच्या या फ्लॅटखेरीज त्यांना कुठे ठेवणार? विघ्नेश विचारी, ती "बघू" म्हणे.

"आज एचआरला कळवायचंय," नाश्त्याला बसता बसता तो म्हणाला. "नाहीतर ऑफर खलास. हो म्हण, नाही म्हण, पण काहीतरी म्हण बाई."

"संध्याकाळी सांगते."

त्याने मोबाइलवरून लेकीला वाचून दाखवायला सुरुवात केली. "ऐक केया. आधी तिथे फक्त दगडफोड्यांची घरं होती. मग ट्राम आली, वस्ती वाढली. आता लायब्ररी आहे, स्विमिंग पूल आहे, शाळा पार्कच्या पलीकडेच. पार्कात तळं आहे. बदकंसुद्धा!"

"कूल," केया म्हणाली.

"तळं कसलं? खाण आहे ती," मनोरमाबाई चपाती लाटता लाटता म्हणाल्या. "पाणी शिरलं तेव्हा माणसं आत होती. लायब्ररी आहे ना, तिथे त्यांच्या बायका उभ्या होत्या. काळोख पडेपर्यंत."

विघ्नेश हसला. "आई, माझ्या आधी जाऊन आलीस की काय?"

"तो सांगतो."

"आणि तुम्ही त्याला काय विचारता?" संपदा म्हणाली. "जायचं का, हेच ना?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा. मी त्याला विचारते, बाबा, तुला तुझ्या घरी नेऊन पोचवायचं का."

विघ्नेश अजून वाचत होता; खाणीत पाणी शिरल्याचं तिथेही लिहिलं होतं. मग त्याने मोबाइल पालथा ठेवला आणि चहा तसाच सोडला.

"बाय आजी, जाते!" केयाने दप्तर उचललं.

"जाते म्हणू नये. परत न येणारे जातात. येते म्हण."

"ओके, ओके. येते!" केयाने डोळे फिरवले. आजी हे सगळ्यांनाच ऐकवायची, लिफ्टमधल्या अनोळखी बायकांनासुद्धा.

संध्याकाळी संपदा परतली तेव्हा रस्त्यावरचं डांबर अजून वाफाळत होतं. फ्लॅटचं दार उघडताच गार हवा अंगावर आली.

एसी बंद होता.

ओल्या गवताचा वास येत होता. देव्हाऱ्यासमोर मनोरमाबाई बसल्या होत्या. गाऱ्हाणं घालताना त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. विघ्नेश भिंतीला टेकून, हातात मोबाइल धरून उभा होता, केया त्याला बिलगून.

संपदा शेजारी बसली. या घरात कारण शोधायचं तिने पहिल्यांदाच टाळलं.

"आई, आम्ही नाही जाणार. तुम्हाला सोडून नाही."

उजवी पाकळी पडली.

मनोरमाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हात बर्फासारखा होता. नखांत अभ्रकाचे कण चमकत होते. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, काठाला हिरवं शेवाळ.

"कौल घेतला की मोडता येत नाही, बाळा. पण तुम्ही कशाला? तुम्ही राहा."

त्यांनी दगड उचलून पदरात घेतला.

"आई, तुला व्हिसा..." विघ्नेश पुढे झाला.

"त्या वाटेला लागत नाही."

दारापाशी त्या वळल्या. केयाकडे बघून हसल्या.

"मी जाते," म्हणाल्या.