खडूने काढलेली सावली

दुसरं कडंही गळलं.

जाड काचेपलीकडे बाबा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. त्यांनी मान हलवली. नाही थांबत. हंसाने हातातला पाना भिंतीवर भिरकावला.

"तो मलाच उचलावा लागणार," खेकड्या म्हणाला. खेकड्या म्हणजे वस्तीचा दुरुस्तीवाला रोबो. सहा पाय, दोन नांग्या आणि थंड डोकं.

"गप रे! माझे बाबा आहेत आत!"

समुद्राच्या तळाशी बारा खोल्यांची ही शेवाळ पिकवणारी वस्ती. प्रत्येक खोलीला समुद्राकडे उघडणारं एक झाकण, आणि झाकण व चौकट यांच्यामध्ये पाणी अडवणारं कडक कडं. चौथ्या खोलीचं कडं सकाळी तडकलं. बाबा दुरुस्तीला आत गेले आणि मागचा दरवाजा आपोआप बंद झाला. गळती थांबेपर्यंत तो उघडणार नव्हता, नाहीतर अख्खी वस्ती बुडाली असती. हंसा फाइलवरून नवं कडं त्रिमितीय छपाईयंत्रावर छापून भिंतीतल्या दुहेरी झडपांच्या रुंद खिडकीतून सरकवायची, बाबा ते आतून बसवायचे. असं दोनदा झालं. आता एकाच कड्यापुरता माल उरला होता.

पाणी चढेल तशी आतली हवा दाबली जात होती. बाबांनी दोन्ही कान गच्च धरले होते.

"फाइल तर बरोबर आहे!" हंसा ओरडली. "बघ, एक चूक नाही. सगळ्या रेघा काळ्या. काळी म्हणजे पक्की, हलणार नाही."

"तेच खटकतंय मला," खेकड्या म्हणाला. "जांभळी रेघ कुठाय?"

हंसाने पडद्यावर नजर फिरवली. एकही जांभळी रेघ नव्हती.

"सांग बघू, कड्याचं स्केच (भाग बनवण्याआधीचं सपाट रेखाचित्र) कशावरून काढलं होतं?"

"चौकटीवरून. प्रक्षेपण करून."

प्रक्षेपण म्हणजे एका वस्तूची कड दुसऱ्या चित्रावर सावलीसारखी उतरवणं. अशी उतरलेली रेघ जांभळी दिसते.

"तू दिव्यासमोर उभी आहेस," खेकड्या म्हणाला. "हललीस की सावलीही हलते. आता कुणी तुझ्या सावलीभोवती खडूने रेघ मारली आणि तू सरकलीस, तर?"

"खडू तिथंच राहणार."

"मी दर आठवड्याला चौकट मोजून नवं माप पाठवतो. पाण्याच्या दाबाने ती चेपत चाललीय. चौकटीचं चित्र बदललं, कड्याचं नाही. कुणीतरी दोन्हींमधला दुवा तोडलाय."

हंसा खालच्या आवाजात म्हणाली, "मीच. दोन महिन्यांपूर्वी. नवं माप आलं की पडदा सारखा लाल व्हायचा रे. डोकं फिरलं माझं. दुवा तोडला, सगळे बिंदू जागेवर ठोकले. लाल गेलं."

"लाल गेलं. चौकट मात्र चेपतच राहिली."

हंसाने जुनं वर्तुळ पुसलं. चौकटीची कड निवडून पुन्हा प्रक्षेपण केलं. जांभळी रेघ उमटली. गोल नव्हती, बाजूंनी दबलेली होती. पुढच्याच क्षणी अर्धा पडदा लालभडक झाला आणि तिचं बोट सवयीने दुवा तोडायच्या कळीकडे गेलं.

"थांब!" खेकड्याने नांगी आडवी घातली. "मी सांगितलं, खिडकीपाशी उभी राहा आणि त्याच वेळी दरवाजापाशीही राहा. काय करशील?"

"तुझा पाय मोडीन."

"सॉफ्टवेअरला पाय मोडता येत नाही. म्हणून ते लाल होतं. दोन बंधनं (रेघांनी पाळायचे नियम) भांडतायत. कुठली, ते शोध."

तिने एकेक बंधन वाचलं. एक म्हणत होतं, आतली कड जांभळ्या रेघेपासून सगळीकडे सहा मिलिमीटरवर ठेव. दुसरं म्हणत होतं, पक्कं गोल, व्यास आठशे.

"आठशे हे चौकट नवी असतानाचं माप," ती पुटपुटली. "आता ते खोटं आहे." तिने दुसरं बंधन काढलं. लाल विरलं. बाहेरची कड मात्र निळी झाली. निळी म्हणजे मोकळी, कुठेही सरकेल अशी. तिला आतल्या कडेपासून ठरावीक अंतराचा नियम दिला. तीही काळी झाली.

यावेळी हंसाने चौकटीचं माप जरा बदलून पाहिलं. जांभळी रेघ हलली, कडंही सोबत हललं. तिने माप पुन्हा होतं तसं केलं आणि छपाई सुरू केली.

छपाईला अकरा मिनिटं लागली. बाबांनी खिडकीतून कडं घेतलं तेव्हा त्यांच्या गळ्याशी पाणी होतं. ते बुडी मारून झाकणाशी गेले. वर आले. पुन्हा गेले. मग पाण्याची पातळी थांबली आणि पंपाने ती हळूहळू खाली आणली.

दरवाजा उघडला. बाबांच्या दोन्ही कानांतून रक्त येत होतं.

"बाबा!" हंसा किंचाळली. त्यांनी वळून पाहिलंच नाही. तिने खांद्याला हात लावला तेव्हा कुठे वळले.

तिने पाटीवर लिहिलं, 'लाल खूण मीच मिटवली होती.'

बाबांनी ते बराच वेळ वाचलं. मग स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्यामुळे जोरात विचारलं, "अजून कुठल्या खोल्या?"

हंसाने आठ बोटं दाखवली.

बाबांनी तिला जवळ घेतलं नाही. रागावलेही नाहीत. पडद्यासमोरचं स्टूल पायाने तिच्याकडे सरकवलं आणि शेजारी ओल्या कपड्यांत बसून राहिले.

हंसाने पहिल्या खोलीची फाइल उघडली. दुवा जोडला. पडदा लाल झाला.

"बोल," ती पडद्याला म्हणाली. "ऐकतेय."