मल झपव नक

"मल झपव नक," आजोबांच्या उशाशी ठेवलेला बोलका डबा म्हणाला. सकाळपासून त्याचं हेच पालुपद चाललं होतं.

चंद्रवसाहतीत हवा मोजून मिळायची. ज्याची बुद्धी गेली त्याला औषध देऊन झोपगृहात झोपवून ठेवायचं, म्हणजे हवा कमी लागते, असा तिथला नियम. तिथून उठलेलं माणूस विरळाच. कस्तुरीच्या आजोबांचा आवाज आजाराने कधीच गेला होता. हात जागचे हलत नसत, बोटं तेवढी हलत. बोटांखालच्या कळफलकावर (अक्षरांच्या कळांची पाटी) टाइप करून ते डब्याकडून बोलवून घेत. ज्या शास्त्रज्ञाने वसाहतीला हवायंत्र करून दिलं, त्याचंच डोकं फिरलं असं डॉक्टर रेगेबाईंनी ठरवून टाकलं होतं. संध्याकाळी त्यांना न्यायचं होतं.

कस्तुरीला रडू फुटलं. पण आजोबा तिच्याकडे टक लावून पाहत होते, आणि भान गेलेलं माणूस असं पाहत नाही. तिने ते वाक्य घोळवून घोळवून म्हटलं. त्यात एकही काना नव्हता, मात्रा नव्हती, उकार नव्हता. हा कळफलक आजोबांनी स्वतः जुळवलेला: व्यंजनं उजव्या हाताला, काना-मात्रा डाव्या.

"मला झोपवू नका," ती पुटपुटली. आजोबांचे डोळे भरून आले.

डोकं शाबूत होतं. संपत चालला होता तो डावा हात.

तिने मदतनीस यंत्रमानव खटक्याला हाक मारली. त्याने कान्याची कळ उपसून उघडून दाखवली. आत एक दांडी, दांडीखाली स्प्रिंग, बाजूला तांब्याच्या दोन पात्या. दांडी खाली गेली की पात्या एकमेकींना टेकतात, वीज वाहते, अक्षर उमटतं. स्प्रिंगचं काम एवढंच, की कळ पुन्हा वर ढकलायची. म्हणजे स्प्रिंग हलकी घातली तर अक्षर तेच, जोर मात्र कमी! तशा नाजूक स्प्रिंगा खटक्याच्या बोटांच्या टोकांत होत्या. त्याने त्या काढून दिल्या. आता आपल्याला स्पर्श कळणार नाही, पण आपल्याला कुठे पेटी वाजवायची आहे, म्हणाला.

कळ बसवली आणि डबा "मलाऽऽऽ" करत सुटला. दाबलेली कळ वर येईना. जुन्या मळात अडकलेली दांडी हलक्या स्प्रिंगला पेलत नव्हती. कस्तुरीने मळ पुसला, ब्रशने दांडीला तेल लावलं. पात्यांनाही लावणार तोच खटक्याने तिचं मनगट धरलं. पात्यांमध्ये तेल शिरलं तर वीज अडते आणि कळ मुकी होते. मग एकेक करत डावीकडच्या सगळ्या कळा झाल्या.

संध्याकाळी रेगेबाई आल्या. आजोबांची बोटं सावकाश हलली.

"डॉक्टर, याच आजाराची, असाच डबा वापरणारी दोन माणसं तुम्ही झोपवलीत," डबा म्हणाला. "त्यांच्या कळा तपासल्या होत्या?"

रेगेबाई स्टुलावर बसल्या. "नाही," त्या म्हणाल्या.

आजोबांचा उजवा हातही एक दिवस जाणार, हे कस्तुरीला ठाऊक होतं. त्याचं तिला फार वाईट वाटत होतं. पण कळेला कोण दाबतंय ते कळत नाही, दाबली एवढंच कळतं. तेव्हा बोट नसेल तर पापणीलाही कळ लावता येईल. झोपवलेल्या त्या दोघांसाठी तिने उरलेल्या स्प्रिंगा, ब्रश आणि तेल गोळा केलं.

रेगेबाई उठल्या आणि झोपगृहाचं कुलूप काढायला तिच्या पुढे चालू लागल्या.