इराच्या बोटाचा काय दोष?

सातवा भोपळाही पिवळा पडून गळाला आणि सुलभाकाकूंनी सरळ माझ्या सहा वर्षांच्या बहिणीवर खापर फोडलं. इराने बोट दाखवलं म्हणून कोवळं फळ कुजलं, म्हणे! अठ्ठेचाळिसाव्या मजल्यावर, काचेच्या छताखाली, यंत्रमानव पाणी घालतो अशा बागेत वावरून ही समजूत! आम्ही मुलांनी तिथे टबांमध्ये छोट्या भोपळ्यांचे वेल लावले होते. बाग काकूंच्या ताब्यात होती आणि त्यांनी इराला वर यायलाच बंदी केली. तेव्हापासून इरा मुठी मिटून फिरायची. माझं डोकं असं तापलं की मी तडक माळी-सातकडे गेले. माळी-सात म्हणजे आमचा बागेतला यंत्रमानव.

फळं का गळतात, असं मी दरडावूनच विचारलं. त्याने शांतपणे दोन फुलं दाखवली. बारीक सरळ देठाचं ते नर. ज्याच्या खाली हिरवी गोटी असते ते मादी. ती गोटी फळासारखी दिसते, पण ते अजून फळ नसतं, ते असतं अंडाशय (बिया जिथे तयार होतात तो भाग). नर फुलातले परागकण (पिवळी भुकटी) मादी फुलाच्या मधोमध पोहोचले, म्हणजेच परागीभवन झालं, तरच गोटी वाढते. नाहीतर वेल ती गाळून टाकतो. बाहेर हे काम मधमाश्या करतात. इथे काचेतून त्या येणार कुठून?

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही."

मी त्याच्या चाकाला लाथ मारली. माझाच अंगठा सुजला.

दुसऱ्या दिवशी एक मादी फूल उमलणार होतं आणि दुपारपर्यंत मिटणार होतं. सकाळी सहालाच मी बंदी झुगारून इराला वर नेलं. नर फुलाच्या पाकळ्या काढून मधली काडी तिच्या हातात दिली. तिने ती मादी फुलात हलकेच फिरवली. तेवढ्यात काकू आल्या आणि हिला कुणी आणलं म्हणून ओरडल्या.

"मी आणलं," मी म्हणाले. "आणि या फळाला मी रोज दहादा बोट दाखवणार आहे. तुम्ही मोजा."

मी दाखवलं. काकूंनी खरंच मोजलं. बारा दिवसांत गोटीचा पेरूएवढा भोपळा झाला.

काकूंनी बंदी उठवली, पण माफी मागितली नाही. त्याचा राग मला अजून आहे. पुढच्या महिन्यात काचेच्या आत मधमाश्यांची पेटी येणार आहे. ती कुठे ठेवायची, हे मात्र त्यांनी इराला विचारलं. इराने जरा वेळ माझ्याकडे पाहिलं, मूठ उघडली आणि बोट लांब करून जागा दाखवली.