सत्तेचाळीस नंबरची प्रत

नोव्हेंबरातली दुपार होती. लेम्पी गाडी चालवत होती आणि शेजारी तिचा नवरा आर्वो निएमेला मांडीवर वेलदोड्याचा गोड पाव घेऊन बसला होता. ज्याच्यासाठी पाव न्यायचा, त्या माणसाला दोघांनीही कधी पाहिलं नव्हतं. पण रिकाम्या हातानं कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, अशी लेम्पीची रीत. कागदात गुंडाळलेला पाव अजून कोमट होता.

"एका पुस्तकासाठी चाळीस मैल," ती म्हणाली. "माझ्या आईचं घर अकरा मैलांवर होतं, तर तुझी कंबर धरायची."

आर्वो नुसता हसला. त्याला भांडता यायचं नाही. सगळा जन्म त्यानं रस्त्यावरचं बर्फ काढणारी गाडी चालवली. शाळा आठवीत सुटली. वाचन म्हणाल तर एकाच बाईचं, वेस्टा होमक्विस्टचं. पण ते असं की लेम्पी तिला 'तुझी दुसरी बायको' म्हणायची.

वेस्टाबाई सरोवराकाठच्या गोष्टी लिहायच्या. डुलुथ शहरातला एक छोटा छापखाना त्यांची पुस्तकं काढायचा, प्रत्येकाच्या दोनशेच प्रती. शेवटच्या पानावर प्रतीचा नंबर हातानं घातलेला, त्याखाली हिरव्या शाईत बाईंची सही. सही वाळली का ते बघायला बाई तिच्याशेजारी अंगठा टेकवायच्या. त्याचा पुसट हिरवा ठसा उठायचा, आणि ज्याला बाईंची पुस्तकं माहीत होती तो आधी ठसा बघायचा, मग सही.

छापखान्याचा एक नियम होता. ज्याचा जो नंबर, तोच त्याला पुढच्या प्रत्येक पुस्तकात. आर्वोचा नंबर सत्तेचाळीस. हा नंबर त्याला दुसऱ्या पुस्तकापासून मिळाला होता. 'आधीचे गृहस्थ आता पुस्तकं घेणार नाहीत, नंबर मोकळा झाला आहे,' असं छापखान्याचं कार्ड आलं होतं, ते त्यानं जपून ठेवलं होतं. तेव्हापासून अकरा पुस्तकं झाली, अकराही सत्तेचाळीस नंबरची. नव्हतं ते फक्त पहिलं. त्यातल्या गोष्टी पुन्हा कधी छापल्याच नाहीत. त्यामुळे आर्वोनं वेस्टाबाईंची ओळ न् ओळ वाचली होती, सुरुवात सोडून.

आणि आता त्याचे डोळे चालले होते. मधोमध एक काळा डाग धरला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. डॉक्टर म्हणाले होते, वसंतापर्यंत वाचता येईल, पुढचं सांगता येत नाही. त्याच आठवड्यात पत्र आलं. टंकलेखनयंत्रावर बडवलेलं, खाली नाव सायलस ट्रेव्हॅरो. 'पहिल्या पुस्तकाची सत्तेचाळीस नंबरची प्रत माझ्याजवळ आहे. माझं वाचून झालं. येऊन घेऊन जावी.'

पत्र लेम्पीनंच वाचून दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं पावाचं पीठ भिजवलं.

वळणावर तिनं गाडी थांबवली. खाली, पाण्याच्या अगदी काठाशी, एक करडं घर दिसत होतं.

"मी आयलीकडं कॉफीला जाते," ती म्हणाली. आयली तिची मावसबहीण. "तासाभरात येते. दोन पुस्तकवेडे समोरासमोर बसून गप्प राहणार, ते बघायला मी कशाला?"

आर्वो पायवाटेनं उतरला. वारा पडला होता. सरोवर शिशासारखं निपचित होतं. दाराजवळ आला तेव्हा त्याला आत कुणीतरी वाचत असल्याचा आवाज आला. बाईचा आवाज, संथ, एका लयीतला. त्यानं दार वाजवलं आणि आवाज वाक्याच्या मध्येच थांबला.

"या," आतून पुरुषाचा आवाज आला. "उघडंच आहे."

खोलीत दिवा नव्हता. खिडकीतून येणारा बर्फाचा उजेड तेवढा जमिनीवर पडला होता. ओल्या लोकरीचा वास येत होता, आणि त्याच्याखाली तळ्याच्या तळाचा, शेवाळाचा वास. खिडकीशी एक माणूस जाड कोट घालून बसला होता. आर्वोनं सवयीनं मान कलती केली आणि डोळ्याच्या कडेनं त्याच्याकडे पाहिलं. माणूस चाळिशीचा असेल. आर्वोला वाटलं होतं, आपल्याहून म्हातारा असणार.

"मी सत्तेचाळीस," आर्वो म्हणाला आणि ओशाळला. एकदा हॅनकॉकच्या ग्रंथालयात खुद्द वेस्टाबाईंपुढे उभा राहिल्यावरही घाबरून नावाऐवजी त्यानं हेच सांगितलं होतं. त्या हसल्या होत्या. म्हणाल्या होत्या, 'तुम्ही दुसरे. पहिले फार हळू वाचतात.' त्यांच्याशी झालेलं आर्वोचं तेवढंच बोलणं. त्यालाही वीस वर्षं होऊन गेली. बाई जाऊन तीन हिवाळे झाले होते.

"बसा," ट्रेव्हॅरो म्हणाला. "पाव कशाचा?"

"वेलदोड्याचा. बायकोनं केलाय."

"फार दिवसांनी वास आला."

त्यानं कॉफी ओतली. त्यानं कप पुढे केला तेव्हा आर्वोला त्याचा अंगठा दिसला. हिरवा होता. नखाच्या कडेपर्यंत.

मग पुस्तक आलं. राखी कापडाची बांधणी, तळहातापेक्षा थोडं मोठं. आर्वोनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि सवयीनं शेवटचं पान उघडलं. सत्तेचाळीस. त्याखाली सही. शेजारी तो बारीक ठसा... आणि त्याला लागून आणखी एक, रुंद, पुरुषी. आर्वोनं खात्री करायला त्यावर अंगठा फिरवला. शाई ओली होती.

आर्वोला एक गोष्ट इतकी वर्षं विचारायची होती, ती त्यानं विचारली.

"नंबर का सोडलात तुम्ही?"

"सोडला नाही," ट्रेव्हॅरो म्हणाला. "नंबर कुणी सोडत नाही, निएमेला. पहिलं पुस्तक जानेवारीत आलं. मी हळू वाचणारा. मासे धरायला बर्फावर जायचो, तेव्हा कोटाच्या खिशात घेऊन जायचो. त्या मार्चमध्ये बर्फ पातळ होतं..."

तो थांबला. कोटाच्या काठातून एक थेंब जमिनीवर पडला. मग दुसरा.

आर्वोला ते कार्ड आठवलं. 'आधीचे गृहस्थ आता पुस्तकं घेणार नाहीत.' चाळीस वर्षं तो समजत होता, गृहस्थ कंटाळले असतील. छापखान्याच्या माणसांनी हळुवारपणानं लिहिलं होतं, आणि त्यानं ते शब्दशः घेतलं होतं. मानेवरचे केस उभे राहिले. दार त्याच्या मागेच होतं, चार पावलांवर.

पण पुस्तक मांडीवर होतं.

त्यानं कॉफीचा घोट घेतला. कॉफी गरम होती, चांगली होती.

"संपलं का मग?" त्यानं विचारलं.

"माझं मला जेमतेम निम्मं झालं होतं. पुढं बाईच वाचून दाखवतात. तीन वर्षं झाली." ट्रेव्हॅरोनं आतल्या अंधाऱ्या खोलीकडे मान केली. तिथं कापड सळसळल्यासारखं झालं. "काल संपलं. आता दुसरं ऐकायचंय. ते तुमच्याकडं आहे."

"आहे."

"मी तुमच्या घरी कोपऱ्यात बसेन. त्रास नाही द्यायचो."

आर्वोनं पुस्तकाच्या बांधणीवरून हात फिरवला. आतली खोलीही वाट बघत असल्यासारखी गप्प होती.

"बायकोला विचारावं लागेल," तो शेवटी म्हणाला. मग त्याचं त्यालाच हसू आलं, की हे विचारायचं कसं. "बरं. या. पण पहिलं मी माझ्या डोळ्यांनी वाचणार. जमेल तेवढं. मग दुसरं."

"सावकाश होऊ द्या," ट्रेव्हॅरो म्हणाला. "मला घाई कुठली?"

लेम्पी आली तेव्हा आर्वो रस्त्याच्या कडेला पुस्तक छातीशी धरून उभा होता.

"मिळालं? कसा आहे माणूस?"

"बरा आहे. पाव आवडला."

"घरात दिवा नाही तो."

"त्याला लागत नाही," आर्वो म्हणाला.

त्या संध्याकाळी सौनात, वाफेच्या न्हाणीघरात, लेम्पीनं त्याचा अंगठा घासघासून लाल केला. हिरवा रंग निघाला नाही.

तो हिवाळा आर्वोच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला गेला. रोज जेवण झालं की तो स्वयंपाकघरात खिडकीशी बसायचा. भिंग डोळ्याला, पुस्तक तिरकं. दिवसाला एक पान, कधी अर्धं. लेम्पी पास्टीच्या मोठ्या करंज्यांचं सारण चिरता चिरता त्याच्याकडे बघायची. इतका निवांत तिनं त्याला कधी पाहिला नव्हता. एप्रिलमध्ये डाग सगळीकडे पसरला. निम्म्या गोष्टी राहिल्या होत्या.

लेम्पीला वाटलं, आता हा खचणार. तिनं स्वतःहून विचारलं, मी वाचून दाखवू का. आर्वोनं तिचा हात हातात घेतला. म्हणाला, तुला भांड्यांचं काम आहे, राहू दे, वाचणारं माणूस आहे. तिला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं थोडं फिरलं, पण सुखात फिरलं, तर फिरू दे.

मग रोज चारच्या सुमाराला ती विचारायची, "काय वाचलं आज तुझ्या बाईनं?" तो सांगायचा. अख्खी गोष्ट, माणसांच्या नावांसकट. नावाड्याच्या बायकोची, दीपगृहातल्या दोघा भावांची. सांगताना कधी थांबायचा, कोपऱ्यातल्या तिसऱ्या खुर्चीकडे कान करून हसायचा.

त्या खुर्चीखाली रोज पाणी साचायला लागलं. लेम्पीनं छप्पर बघितलं, नळ बघितला. जून उजाडला, बर्फ कधीच वितळून गेलं होतं.

"आर्वो, तू ओले बूट घालून बसतोस का तिथं?"

"माझे नाहीत," तो म्हणाला.

ती रोज पुसायची. भीती वाटायची नाही असं नाही. पण भीतीपेक्षा वेगळंच काहीतरी तिला सलायचं. चार वाजता घर भरलेलं वाटायचं आणि त्यात आपण तेवढ्या नाही, असं वाटायचं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात ती त्याला गमतीनं टोमणे मारत आली होती. आता ते टोमणे तिला मारवत नव्हते.

एके दिवशी आर्वो खुर्चीत डोळे मिटून बसला होता. मांडीवर पुस्तक. तिनं ते अलगद उचललं, अगदी कडेला धरून, पानाला बोट लागू न देता. शेवटच्या गोष्टीच्या शेवटच्या ओळी तिनं उभ्याउभ्या वाचल्या. काल त्यानं सांगितल्या होत्या तशाच होत्या. शब्दाला शब्द.

मग तिनं पान उलटलं. सत्तेचाळीस. सही. एक बारीक ठसा. एक रुंद. त्याच्याशेजारी तिसरा, मधून चीर गेलेला, बर्फाच्या गाडीच्या साखळीनं कापलेला तिच्या नवऱ्याचा अंगठा. ती कुठंही ओळखेल.

आणि चौथा. निमुळता, तळाशी पावाच्या सुरीचा जुना वण असलेला. त्याची शाई अजून चमकत होती.

लेम्पीनं पुस्तक मिटलं. उजवा हात उजेडात धरला. अंगठा हिरवा झाला होता.

"पहिलं काल संपलं," आर्वो डोळे न उघडता म्हणाला. "आज दुसरं धरायचं होतं. पण त्या विचारतायत, तुला पहिल्यापासून ऐकायचंय का."

तिनं अंगठा ॲप्रनला पुसून पाहिला.

"आणि त्यांचं?" तिनं कोपऱ्याकडे न बघता हलकेच विचारलं. "त्यांना पुन्हा तेच ऐकावं लागेल."

"ते म्हणतात, चालेल. तसेही ते हळूच आहेत."

लेम्पीनं फडकं आणलं. खुर्चीखालचं पाणी पुसलं. मग स्वतःसाठी स्टूल ओढलं आणि नवऱ्याच्या शेजारी टेकली. त्याचा हात तिच्या गुडघ्यावर आला. बाहेर लख्ख ऊन होतं.

कानाजवळ कुणीतरी हळूच घसा साफ केला, आणि पान उलटल्याचा आवाज आला.

पुस्तक लेम्पीच्या मांडीवर होतं. मिटलेलं.