आजोबांची कवळी आणि लाल दिवा

'वॉटर' म्हटलं की हिरवा दिवा आणि 'व्हॅन' म्हटलं की लाल. असं का, हेच वारणाला कळत नव्हतं.

समुद्राखाली बांधलेल्या नव्या सागरतळ शाळेत बारा देशांतली मुलं राहणार होती. पाण्यात उतरताना डोक्यावर शिरस्त्राण असणार, बोलणाऱ्याचे ओठ दिसणार नाहीत आणि सगळं बोलणं इंग्रजीतून. म्हणून प्रत्येक व्यंजन स्पष्ट यायला हवं. प्रवेशाआधी ते तपासायचं 'ध्वनिपारखी' नावाचं यंत्र. वारणा त्यात एकदा नापास झाली होती. उद्या दहा वाजता दुसरी आणि शेवटची संधी होती.

संध्याकाळपासून ती सरावाच्या छोट्या यंत्रापुढे बसली होती. जितका जोर लावावा तितका दिवा लालभडक.

"माझी जीभच वाईट आहे, आजोबा," ती रडवेली होऊन म्हणाली.

आजोबा निवृत्त उच्चारशास्त्रज्ञ होते. त्यांची कवळी (खोटे दात) वाटीत भिजत होती. तसेच बोळक्या तोंडाने ते 'व्हॅन' म्हणाले. दिवा लाल. 'वॉटर' म्हणाले, हिरवा. मग कवळी बसवून पुन्हा 'व्हॅन' म्हणाले, तर हिरवा!

"जीभ तीच होती. मग बदललं काय?"

"दात," वारणा हळूच म्हणाली.

आजोबांनी आरसा आणला. 'व्हॅन'मधला पहिला उच्चार दंतोष्ठ्य (दात आणि ओठ मिळून होणारा) असतो. वरचे दात खालच्या ओठावर अलगद टेकवायचे आणि फटीतून आवाज सोडायचा. गळ्यावर बोट ठेवलं तर कंप जाणवतो. 'वॉटर'मध्ये मात्र दातांना सुट्टी, फक्त ओठ गोल करायचे. आपण मराठी माणसं इथेच फसतो, ते म्हणाले. टीव्ही काय, व्हिडिओ काय, आपण त्यात 'ह' घुसडतो. हवा भस्सकन निघून जाते आणि दात नुसते बघत बसतात. तरुणपणी तेही असंच बोलायचे म्हणे.

वारणाने दात टेकवले. ओठाला गुदगुल्या झाल्या. हिरवा! पण पुढच्या वेळी पुन्हा लाल. त्या दिव्याच्या भरवशावर झोपायचं तरी कसं?

सकाळी ती मोठ्या यंत्रापुढे उभी राहिली. शेवटचा शब्द आला 'वेव्ह', म्हणजे लाट. त्यात दोन्ही उच्चार! आधी ओठ गोल, मग दात ओठावर. तिने डोळे मिटून तो म्हटला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग हिरवा दिवा लागला.

"उत्तीर्ण," यंत्र म्हणालं. "आता नोंदीसाठी नाव सांग."

"वारणा."

हिरवा नाही, लालही नाही. दिवा लागलाच नाही.

"हा मराठी 'व' माझ्याकडे नाही," यंत्र म्हणालं. "दात ओठावर टेकले नाहीत आणि ओठही गोल झाले नाहीत. शाळेत तुला रोज हाक मारावी लागेल. मला शिकवशील?"

वारणाने मोठा श्वास सोडला. मग ती यंत्राच्या कॅमेऱ्यासमोर सरकली.

"माझ्या ओठांकडे बघ," ती म्हणाली. "आणि जोर लावू नकोस."