अण्णांची गाडी दारावरून गेली

हे मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. माझ्याच बाबतीत घडलंय. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण यातला एकही शब्द पदरचा नाही.

आणि मध्यरात्र वगैरे काही नव्हती.

रविवार होता. दुपारचे चार. लख्ख ऊन. समोरच्या घरातली बाई वाळलेले कपडे काढत होती.

मी गाड्यांचा मेकॅनिक. माझे वडील, अण्णा, कारखान्यात लेथवर टर्नर होते. त्यांच्याकडे एक जुनी गाडी होती. दोन दारांची, लांबलचक बॉनेटची, गडद हिरवी. आठ सिलिंडरचं इंजिन. तसली मोजकीच मॉडेलं आता जगात उरलीत.

भंगारातून आणली होती त्यांनी. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. आम्ही दोघांनी मिळून अकरा वर्षं खपून ती उभी केली. जो पार्ट मिळायचा नाही, तो अण्णा लेथवर बनवायचे. मी बसवायचो.

मग दर रविवारी चार वाजता ती बाहेर निघायची. चालवायचे अण्णा. शेजारी मी.

त्या इंजिनाचा आवाज मी कुठेही ओळखेन. धड धड धड... आणि मध्येच एक ठोका चुकल्यासारखा. तो आम्हाला कधीच काढता आला नाही. "राहू दे," अण्णा म्हणायचे, "तिलाही दम खाऊ दे जरा."

माझी मोठी बहीण, ताई, दप्तरखान्यात कामाला आहे. जुने कागद वाळवीपासून वाचवणं हेच तिचं काम. तिला ही रविवारची फेरी कधी पटली नाही.

"एक ट्रकवाला चुकला की संपलं सगळं," ती म्हणायची. "अशा गोष्टी जपायच्या असतात."

"गाडी आहे ती, ताई. चालली नाही तर आतून गंजते. सील कडक होतात, रबर तडकतं."

"आणि ठोकली तर?"

यावर आमचं दर वेळी वाजायचं. अण्णा मध्ये पडायचे नाहीत. नुसते हसायचे.

शेवटच्या आजारपणात, एका रविवारी, त्यांनी मला जवळ बसवलं. माझा हात धरला. म्हणाले, "माझ्यानंतर ती तुझी. उभी ठेवू नकोस. दर रविवारी काढ."

मी शब्द दिला.

त्यांनीही दिला होता... असं मला वाटलं.

अण्णा गेले. तीन आठवड्यांनी वर्कशॉपमध्ये जॅक सरकला आणि माझा डावा पाय मोडला. ऑपरेशन, आठ दिवस हॉस्पिटल, दीड महिन्याचं प्लास्टर.

घरी आलो. कुबड्या टेकत आधी अण्णांच्या गॅरेजकडे गेलो.

शटर वर केलं.

रिकामं.

जमिनीवर तेलाचा एक डाग. बाकी काही नाही.

ताईला फोन केला. ती आली. सोबत एक फाईल घेऊन.

"संग्रहालयाला दिली," ती खाली बघत म्हणाली.

"कुणाला विचारून?"

तिने फाईल पुढे केली. दानपत्र होतं. खाली सही... अण्णांची. ती वळणदार सही मी झोपेतही ओळखेन.

तारीख बघितली. शुक्रवारची तारीख. ज्या रविवारी त्यांनी माझा हात धरला, त्याच्या दोन दिवस आधीची.

म्हणजे मला शब्द देताना त्यांनी सही केलेली होती.

"ताई... का?"

तिने फाईल मिटली. "म्हणाले, त्याच्या हातात दिली तर एक दिवस तो ती ठोकेल. आणि त्याला सांगू नकोस म्हणाले. जिवंत असेपर्यंत त्याचं पडलेलं तोंड मला बघवणार नाही, असंही म्हणाले."

अकरा वर्षं माझ्या हातांनी आवळलेले बोल्ट. आणि त्याच हातांवर त्यांचा भरवसा नव्हता.

मी रडलो नाही. फक्त ताईला म्हणालो, "जा तू आता."

मंगळवारी संग्रहालयात गेलो. गाडी चार स्टँडवर उचललेली. चाकं अधांतरी. टाकी कोरडी, ऑइल काढलेलं, बॅटरीच नाही. भोवती दोरी.

तिथला अधिकारी कौतुकाने म्हणाला, "आता शंभर वर्षं हिला काही होत नाही."

मला ती बर्फावर ठेवल्यासारखी दिसली.

त्यानंतरच्या रविवारी मी पलंगावर पडून होतो. बायको शेजारी बसून भाजी निवडत होती.

चार वाजले.

आणि लांबून...

धड धड धड... एक ठोका चुकला... धड धड.

मी ताडकन उठून बसलो.

आवाज जवळ आला. आमच्या गल्लीत वळला. खिडकीची तावदानं थरथरली. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी हललं.

दारासमोरून गेला. पुढे गेला. विरला.

"काय हो? घाम का फुटलाय?" बायको म्हणाली.

"तू ऐकलं नाहीस?"

"काय?"

तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. पण ग्लासातलं पाणी अजून हलत होतं. ते तिनेही बघितलं.

मी संग्रहालयात फोन लावला. रखवालदाराने उचलला.

"गाडी जागेवर आहे ना?"

"आहे की. कुठे जाणार?" तो हसला. मग थांबला. "पण साहेब... आज दुपारपासून इथे पेट्रोलचा वास फार येतोय."

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

चौथ्या रविवारी मी कुबड्या घेऊन फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. मनात भीती नव्हती. खरं सांगू? आशा होती. वाटलं, अण्णांना पस्तावा झालाय. मला न्यायला येतायत.

चार वाजले.

आवाज आला. वळणावर गिअर बदलला. रस्ता रिकामा... एक पानसुद्धा हललं नाही. पण आवाज माझ्याकडे येत होता. गरम हवेचा झोत तोंडावर आला. जळलेल्या तेलाचा वास.

"अण्णा!" मी ओरडलो. "अण्णा, थांबा!"

आवाज माझ्यासमोर हळू झाला.

अगदी हळू.

मग अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यासारखा गरजला... आणि निघून गेला.

समोरची बाई कपडे हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. कुबड्या टेकत मोकळ्या रस्त्याला हाका मारणारा माणूस. तिला काय वाटलं असेल ते वाटो. मी तिथेच फाटकाला टेकून ढसाढसा रडलो. गेल्यावरही त्यांनी मला गाडीत घेतलं नाही.

अर्ध्या तासाने, मी परत पलंगावर येऊन पडलो होतो, तेव्हा ताई आली. धावत. चेहरा पांढराफटक.

दारातूनच ओरडली, "अक्कल गहाण टाकलीस का? प्लास्टरच्या पायाने गाडी चालवतोस?"

"कुठली गाडी?"

"माझ्या घरावरून गेलास आत्ता! हाक मारली तर थांबलासुद्धा नाहीस. संग्रहालयातून ती काढलीस तरी कशी?"

मी चादर बाजूला केली. मांडीपर्यंत प्लास्टर. क्लच दाबायचा तोच पाय. "हा पाय वाकत नाही, ताई."

ती प्लास्टरकडे बघत राहिली. हळूहळू खाली बसली.

बायकोने पाणी दिलं. ताईचे दात ग्लासावर वाजत होते.

"मी बघितलं," ती पुटपुटली. "गाडी बघितली. अण्णा होते आत."

"चालवत होते?"

"नाही. शेजारच्या सीटवर होते. सारखं काहीतरी बोलत होते. हसत होते. खूप खूश होते रे."

"आणि चालवत..."

"तू."

ताईने ग्लास खाली ठेवला.

"तुझा चेहरा. तुझे केस. तुझा तो निळा शर्ट," ताई म्हणाली. "पण अण्णा बोलत होते आणि तो ऐकत नव्हता. रस्त्याकडेही बघत नव्हता. मान पूर्ण वळवून माझ्याकडे बघत होता... गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत."

या गोष्टीला आता वर्ष होईल. पाय बरा झालाय. संग्रहालयाचे लोक म्हणतात, गाडी हललेली नाही. आवाजही बंद झालाय... निदान आमच्या गल्लीत. ताई आणि मी पुन्हा बोलायला लागलोय, पण हा विषय काढत नाही.

तो कोण होता, मला माहीत नाही. अण्णांना तो कुठे घेऊन गेला, तेही नाही.

आणि एक गोष्ट मी ताईलाही सांगितलेली नाही. अण्णांच्या शेजारी मी नव्हतो, दुसरंच कुणीतरी माझं तोंड लावून बसलं होतं, हे कळलं तेव्हा पहिल्यांदा मी घाबरलो नाही.

मला बरं वाटलं.

वाटलं, आता तुम्हीही फसलात, अण्णा.

त्या क्षणी मी मनातल्या मनात हसलो होतो... आणि तो हसणारा नक्की मीच होतो का, हे मला अजून सांगता येत नाही.