बांड्याचा कौल

या, असे जवळ सरका. टाळकरी यायला अवकाश आहे, तोवर एका बोकडाची कथा सांगतो. पुढच्या काळातली आहे, पण मनाला आजच लागेल.

त्या काळात प्रत्येक घासाचा धरणीभार मोजत. धरणीभार म्हणजे तो घास पिकवायला पृथ्वीचं किती पाणी, किती रान, किती स्वच्छ हवा गेली त्याचं वजन. डाळीचा भार सर्वांत हलका, मटणाचा फार जड. म्हणून कळप बंद झाले, माळ पुन्हा हिरवे झाले. पण माणसाची जीभ काही डाळीवर थांबेना. मग शास्त्रज्ञांनी एका बोकडाच्या कानाचा कण घेतला आणि काचेच्या हौदांत त्याचं मांस वाढवलं. ना चारा, ना सुरी. भार डाळीहून थोडाच जास्त.

तो बोकड हौसाबाई कोळेकरांचा, बांड्या. कण हौसाबाईंनीच दिला होता. कानाला चिमटा बसतो तेवढंच दुखेल, असं त्यांना सांगितलं होतं. बांड्या पुढे म्हातारा होऊन मेला. त्यांनी त्याला बांधावर पुरलं.

बिरोबाच्या जत्रेचा नैवेद्य मात्र कळप गेल्यापासून अडला होता. हौदातलं मटण चालेल का, यावर गाव भांडलं, आणि शेवटी ठरलं की हौसाबाईंनी कौल घ्यावा. त्यांच्या घराचा मानच तो. बोकडावर पाणी शिंपडायचं आणि थांबायचं. त्यानं अंग झाडलं तर देवाला रुजू. नाही झाडलं तर सोडून द्यायचं.

हौदाच्या प्रमुख डॉक्टर केतकी उपासनींनी मांसाचा एक थाळा समोर ठेवला. हौसाबाईंनी तांब्यात हात बुडवला, आणि पाणी पडायच्या आतच मांस थरथरलं.

गावकरी खूश झाले. हौसाबाई नाही झाल्या.

"हे आधीच का झाडतंय, पोरी?"

केतकीबाईंनी समजावलं, की नुसतं वाढवलेलं मांस लिबलिबीत राहतं. त्याला व्यायाम हवा, म्हणून थाळ्याच्या तारांतून विजेचे बारीक झटके देतात. सारखे.

"म्हणजे इतकी वर्षं हा नुसता हो-हो करतोय. वीज थांबव."

वीज थांबली. हौसाबाईंनी पुन्हा पाणी शिंपडलं. सगळे वाट पाहत उभे राहिले. मांस निपचित पडून होतं.

"नाही म्हणाला," हौसाबाई हळूच बोलल्या. "सोड त्याला आता."

केतकीबाईंनी मान खाली घातली. "कुठून सोडू, आजी? प्रत्येक शहरात त्याचेच हौद आहेत. सगळं जग त्याच्यावर जेवतंय. आता तो मरू शकत नाही."

त्या वर्षी बिरोबाला पुरणाचा नैवेद्य गेला. हौसाबाई बांधावर जाऊन बसल्या. पण तिथं कुणाला पुरलंय, हेच त्यांना उमगेना.

बाबांनो, ताटाभोवती पाणी फिरवाल तेव्हा बांड्याची आठवण करा. आणि घासाला हात घालण्याआधी जरासे थांबा.